डब्याची कडी आणि पुढचं चाक

(या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा भाग एका निरोपामुळे होतोय. कोथरूडच्या एक ताई आपला पॉडकास्ट नेहमी ऐकतात. त्यांचा मुलगा नववीत आहे आणि त्याला नुकतीच डिस्क ब्रेकवाली हायब्रिड सायकल घेतलीय. दुकानदारानं सांगितलं, "क्विक रिलीज आहे मॅडम, चाक दोन मिनिटांत निघतं. गाडीत टाका नि कुठंही न्या." आता येत्या रविवारी मायलेक छोट्या हॅचबॅकमध्ये सायकल घालून वाईला जाणार, तिथून मुलगा ग्रुपबरोबर पसरणी घाट चढून पाचगणीला जाणार आणि उतरून परत येणार. ताईंनी विचारलंय की सायकल गाडीच्या आत घालावी की बाहेर लावायचं कॅरिअर घ्यावं. आणि अगदी शेवटी एक ओळ आहे: "परत बसवलेलं चाक नीट बसलंय हे मला कसं कळणार? मी काही मेकॅनिक नाही."

मला विचाराल तर पत्रातला खरा प्रश्न हा शेवटचा आहे. कॅरिअरचं आपण बोलूच, पण चुकीचं कॅरिअर घेतलं तर फार तर सायकलला ओरखडे पडतील, गाडीचा पत्रा दबेल. पुढचं चाक अर्धवट बसलेलं असताना एखादं पोर घाट उतरायला लागलं, तर तिथं दुसरी संधी नसते. मागचं चाक हललं तर सायकल वेडीवाकडी चालते, आवाज करते, चेन उतरते, म्हणजे तुम्हाला कळतं तरी. पुढचं चाक निघालं की माणूस थेट तोंडावर. म्हणून आज आधी चाक, मग गाडी.

तर ही क्विक रिलीज म्हणजे नक्की काय? चाकाच्या मधोमध हब असतो. त्याच्या आतला एक्सल भरीव नसतो, पोकळ नळी असते. त्या नळीतून एक बारीक दांडी आरपार जाते, साधारण ५ मिलिमीटर जाडीची. दांडीच्या एका टोकाला लीव्हर, दुसऱ्या टोकाला नट. सायकलचा पुढचा चिमटा, म्हणजे ज्याला सगळे फोर्क म्हणतात, त्याच्या दोन पायांच्या टोकाला खाचा असतात आणि पोकळ एक्सल त्या खाचांत बसतो. एक गोष्ट लक्षात घ्या. सायकलचं आणि तुमचं वजन ती बारीक दांडी पेलत नाही, ते एक्सल पेलतो. दांडीचं काम फक्त दोन्ही बाजूंनी चिमट्याला दाबून धरायचं. तो दाब गेला तर बाकी काही शिल्लक राहत नाही, कारण पुढच्या खाचेचं तोंड खालच्या बाजूला उघडं असतं. चाक सहज निघावं म्हणूनच ते तसं ठेवलंय.

आता हा दाब येतो कुठून? इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. लीव्हर दिसतो एखाद्या कान असलेल्या नटासारखा. त्यामुळे नवा माणूस काय करतो, लीव्हर धरून गोल गोल फिरवतो, घट्ट लागला असं वाटलं की सोडून देतो. पण तो फिरवण्याचा नटच नाही! त्याच्या आत एक कॅम आहे, म्हणजे केंद्र सोडून बसवलेला गोल. लीव्हर उघड्या बाजूकडून बंद बाजूकडे लोटला की तो गोल फिरता फिरता दांडीला एक-दोन मिलिमीटर खेचतो, आणि पूर्ण बंद झाला की तिथंच अडकून बसतो.

तुमच्या घरी जेवणाचा जुना उभा डबा असेल, चार पुडांचा, बाजूला कडी असलेला. ती कडी आठवा. वर नेऊन अडकवता, मग खाली दाबता. मधल्या टप्प्यावर सगळ्यात जास्त जोर लागतो आणि मग खट्‌ करून ती बसते. बसली की डबा उलटा केला तरी आमटी सांडत नाही. तीच कडी नुसती अडकवून ठेवली, दाबली नाही, तर डबा दिसायला बंद दिसतो पण बसमध्ये पिशवी पिवळी होते. क्विक रिलीज म्हणजे ही कडी. गोल फिरवणं म्हणजे कडी नुसती अडकवणं. लीव्हर पलटी करणं म्हणजे कडी दाबणं.

नटाचं काम मग काय? नटानं फक्त ठरवायचं की कडी किती घट्ट बसेल. पद्धत सांगतो, हातात सायकल असेल तर ऐकता ऐकता करून बघा.

सायकल जमिनीवर सरळ उभी ठेवा, उलटी नको. हे महत्त्वाचं आहे. उभी असली की वजनानं चिमटा एक्सलवर पूर्ण खाली बसतो. उलटी करून किंवा हवेत धरून चाक लावलं की ते एका बाजूला जरासं खाचेबाहेर राहू शकतं, आणि लीव्हर तसाच घट्ट बंद होतो. बंद झाला म्हणून तुम्ही खूश. चाक मात्र तिरकं.

मग लीव्हर पूर्ण उघडा. बहुतेकांवर एका बाजूला 'ओपन' आणि दुसऱ्या बाजूला 'क्लोज' असं कोरलेलं असतं. दुसऱ्या बाजूचा नट बोटांनी आवळत जा आणि मधून मधून लीव्हर लोटून बघा. लीव्हर निम्म्या वाटेत आला, म्हणजे चिमट्याशी काटकोनात, सरळ तुमच्याकडे बघतोय, त्या जागी अडथळा जाणवायला सुरुवात झाली पाहिजे. तिथून पुढे तळहातानं दाबून बंद करायचं. तळहातावर लीव्हरचा ठसा उमटला पाहिजे. बोटाच्या टोकानं बंद झाला तर सैल आहे. नट अर्धा फेरा आवळा आणि परत करा. आणि दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊनही बंद होत नसेल तर नट थोडा सोडा. हातोडी घेऊ नका, पायानं तर अजिबात दाबू नका. अशी मंडळी मी पाहिलीत म्हणून सांगतोय.

नववीतल्या मुलाच्या तळहाताला हे जमतं का? जमतं. दुसऱ्या हाताची बोटं चिमट्याच्या मागे अडकवली की ओढायला आधार मिळतो. ताई, माझं म्हणणं, हे काम त्यालाच शिकवा. सायकल त्याची आहे. तुम्ही शेजारी उभं राहून बघा.

दांडीवर दोन्ही बाजूंना एकेक छोटी स्प्रिंग असते, शंकूसारखी. तिचं निमुळतं टोक आत, हबकडे. हे उलटं बसलं की स्प्रिंग चेपून मध्ये येते आणि लीव्हर घट्ट वाटतो, पण खरा दाब पडत नाही. चाक काढताना स्प्रिंगा गाडीच्या सीटखाली घरंगळतात, हा नेहमीचा प्रकार. त्या नसतील तर चाक बसत नाही असं नाही, बसतं. स्प्रिंगचं काम फक्त सगळं मध्यावर ठेवायचं. हरवली म्हणून घाट रद्द करायची गरज नाही. मात्र उलटी बसवू नका.

आणि नटाचे आटे. निदान चार-पाच पूर्ण फेरे नट दांडीवर चढलेला असला पाहिजे. दोन आट्यांवर लटकलेला नट म्हणजे काही खरं नाही.

लीव्हर डाव्या बाजूला ठेवायचा रिवाज आहे, म्हणजे चेनच्या विरुद्ध बाजूला. बंद झाल्यावर तो वर चिमट्याला समांतर किंवा मागच्या दिशेला वळलेला असावा. पुढे तोंड करून ठेवला की झुडपं, दुसऱ्याच्या सायकलचा पेडल, काहीही त्यात अडकतं.

इथं जरा थांबतो, कारण ताईंच्या मुलाच्या सायकलला डिस्क ब्रेक आहे आणि त्यानं गणित बदलतं. डिस्कची पकड, म्हणजे कॅलिपर, सहसा चिमट्याच्या डाव्या पायाच्या मागच्या बाजूला असते. चाक पुढे फिरतंय, म्हणजे डिस्कचा मागचा भाग वर चाललाय. ब्रेक दाबला की पॅड त्याला वर जाऊ देत नाहीत, म्हणजेच खाली ढकलतात. खाली म्हणजे कुठं? खाचेच्या उघड्या तोंडाकडे! आणि हा धक्का छोटा नसतो. १६० मिलिमीटरची डिस्क म्हणजे मध्यापासून ८० मिलिमीटर, आणि चाकाची त्रिज्या ३४० च्या आसपास. तरफेचा साधा हिशोब केला तर टायरवर जितका ब्रेक लागतो त्याच्या चौपटीहून जास्त जोर डिस्कवर येतो. रिमवर लागणाऱ्या जुन्या ब्रेकमध्ये चाकाला असं खाली ढकलणारं काही नव्हतं. क्विक रिलीज बनली तेव्हा सायकलींना डिस्क ब्रेक नव्हतेच. २००३ च्या सुमारास जेम्स ॲनन नावाच्या एका ब्रिटिश शास्त्रज्ञानं हे गणित मांडलं, तेव्हा त्यावर बराच वाद झाला होता.

घाबरू नका. नीट बंद केलेली क्विक रिलीज हा जोर पेलते, जगभर लाखो सायकली अशा चालतात. मला सांगायचंय ते इतकंच की रिम ब्रेकवर 'जरा सैल' हे कदाचित वर्षभर खपून जातं. डिस्कवर, उतारावर, तेच 'जरा सैल' पहिल्या दहा वळणांत दगा देऊ शकतं. पाचगणीहून वाईला उतरताना पाचशे मीटरहून जास्त उंची खाली येता, म्हणजे ब्रेक जवळजवळ सतत चालू.

याच्यासाठी कंपन्यांनी एक तोड काढली आहे. चिमट्याच्या खाचेच्या बाहेरच्या कडेला छोटे उंचवटे असतात, ओठासारखे. लीव्हर उघडला तरी चाक त्यात अडकून राहतं, नट काही फेरे सोडल्याशिवाय निघत नाही. इंग्रजीत याला चेष्टेनं 'लॉयर लिप्स' म्हणतात, वकिलाचे ओठ, म्हणजे कोर्टकचेरीच्या भीतीनं लावलेले. काही शूरवीर ते कानशीनं घासून काढतात, कारण चाक मग खरोखर पटकन निघतं. पटकनच निघतं, हो. आपल्याला रेस जिंकायची नाहीये, ओठ राहू द्या. फक्त त्यांच्यामुळे प्रत्येक वेळी नट सोडावा लागतो, म्हणजे प्रत्येक वेळी घट्टपणा नव्यानं ठरवावा लागतो. घरी बरोबर होता म्हणून वाईला बरोबर असेल असं नाही. गाडीतून सायकल नेण्यातली खरी मेख ही आहे.

थोडा इतिहास, कारण मला आवडतो. ही कल्पना तुलिओ कॅम्पाग्नोलो या इटालियन रेसरच्या नावावर आहे. गोष्ट अशी सांगतात की १९२० च्या दशकात, नोव्हेंबरच्या थंडीत, डोलोमाइट डोंगरातल्या क्रोचे द'आउने खिंडीत त्याला मागचं चाक काढायचं होतं. तेव्हा गिअर बदलायचा म्हणजे चाक काढून उलटं लावायचं, दोन बाजूंना दोन वेगळ्या चक्र्या. बोटं गारठलेली, कानवाला नट गोठलेला, सुटेना. शर्यत गेली आणि डोक्यात ही कडी आली. यातला किती भाग खरा आणि किती नंतर रंगवलेला यावर जाणकारांत वाद आहे. १९३३ साली त्यानं विचेंझा गावात कंपनी काढली आणि कडी जगभर गेली, हे मात्र नक्की. गंमत बघा, ही कडी रेसरनं रेसरसाठी केलेली आहे, ज्याच्यासोबत मेकॅनिक असतो. आज ती कोथरूडच्या पार्किंगमध्ये आहे आणि ती लावणाऱ्याला कुणी शिकवलेलं नाही. सायकल विकताना दुकानात पाच मिनिटं काढून हे दाखवलंच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. हेल्मेट विकतात, बाटली विकतात, लीव्हर दाखवत नाहीत.

डिस्कवाल्यांना आणखी एक तपासणी. २०१५ साली अमेरिकेत ट्रेक कंपनीनं डिस्क ब्रेकच्या लाखो सायकली दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या आणि त्याच वर्षी पुढे इतर अनेक कंपन्यांनाही तेच करावं लागलं. कारण काय, तर काही लीव्हर उघडे राहिले तर १८० अंशांच्या पलीकडे जाऊन फिरत्या डिस्कमध्ये अडकू शकत होते. एका सायकलस्वाराला त्या अपघातात कायमचं अपंगत्व आलं. तेव्हा सांगितलेली चाचणी सोपी आहे, आजही करण्यासारखी. लीव्हर पूर्ण उघडा, डिस्कच्या दिशेनं जाईल तितका जाऊ द्या. लीव्हर आणि डिस्क यांच्यामध्ये ६ मिलिमीटर जागा हवी, म्हणजे साधी पेन्सिल मधून गेली पाहिजे. गेली नाही तर दुकानात जाऊन लीव्हर बदलून घ्या, सायकल तोपर्यंत चालवू नका. जुनी सायकल विकत घेतली असेल तर हे आधी बघा.

बरं, आता गाडी.

ताई, हॅचबॅक आहे, सायकल एकच आहे, माणसं दोन आहेत. तर कॅरिअरचा खर्च नको, आत घाला. हायब्रिड सायकल साधारण पावणेदोन मीटर लांब असते. पुढचं चाक काढलं की तीसेक सेंटीमीटर कमी होते आणि हँडल आडवं वळवता येतं. मागची सीट पाडली की बहुतेक गाड्यांत ती बसते. नाहीच बसली तर मागचं चाकही काढायचं, पण शक्यतो तिथवर जाऊ नका, नवख्याला मागचं चाक परत बसवणं हेच मोठं काम होतं. काढावंच लागलं तर आधी चेन सगळ्यात छोट्या दातेरी चक्रीवर आणा, मग काढा. बसवतानाही त्याच छोट्या चक्रीवर चेन ठेवून चाक आत सरकवायचं.

खाली जुनी चादर. सायकल चेनची बाजू वर करून आडवी ठेवा, म्हणजे गिअरची यंत्रणा खाली दबत नाही. काढलेलं चाक सायकलवर मोकळं टाकू नका. ते डिस्कची बाजू वर करून सायकलच्या शेजारी किंवा पुढच्या सीटच्या पाठीमागे उभं, आणि वर पट्ट्यानं बांधून. डिस्क पातळ असते, तिच्यावर पेडल टेकला की ती वाकते आणि मग सगळ्या घाटभर घासत राहते. डिस्कला आणि पॅडला तेलकट हात लागू देऊ नका, चेनचं तेल तर नकोच नको. बांधायचं का? कारण तुम्ही गाडीनं ८० च्या वेगात कचकन ब्रेक मारला की मोकळं चाक पुढे येतं, आणि पुढे तुम्ही दोघं बसलेले आहात.

हायड्रॉलिक डिस्क असेल तर चाक काढल्यावर हँडलचा ब्रेक दाबायचा नाही. दाबलात की पॅड एकमेकांना चिकटतात आणि वाईला पोचल्यावर डिस्क आत जात नाही. मग पार्किंगमध्ये सुरी-चमचे घेऊन खटपट सुरू. पॅडच्या फटीत पुठ्ठ्याची जाड घडी खोचून ठेवली की प्रश्न मिटला. नव्या सायकलीबरोबर यासाठीच एक प्लॅस्टिकचा तुकडा येतो, तो लोक पहिल्या दिवशी फेकून देतात. ज्यांच्याकडे केबलचे रिम ब्रेक आहेत त्यांना चाक काढण्यासाठी ब्रेकची केबल मोकळी करावी लागते. ती परत अडकवायला विसरलात तर चाक उत्तम बसलेलं असतं आणि पुढचा ब्रेकच नसतो.

चाक काढून तुम्ही काय करता? गाडीच्या मागच्या टायरला टेकवून ठेवता, सायकल आत घालता, डिकी लावता, निघता. चाक तिथंच! किंवा रिव्हर्स घेताना त्याच्यावरून गाडी. म्हणून चाक आधी गाडीत गेलं पाहिजे. तेवढी जागा नसेल तर ड्रायव्हरच्या दाराला टेकवा. हलवल्याशिवाय तुम्ही आत बसूच शकत नाही.

दोन-तीन सायकली असतील तर बाहेरचं कॅरिअर घ्यावं लागतं. मागच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचं कॅरिअर स्वस्त असतं, पण हॅचबॅकच्या मागच्या काचेवर आणि पत्र्यावर सगळा भार येतो. हुक काचेच्या कडेला नकोत, पत्र्याच्या कडेला हवेत. खाली सायलेन्सर कुठं आहे ते बघा, त्याच्यासमोर टायर आला तर तापून खराब होतो. मागची नंबर प्लेट आणि दिवे झाकले जाता कामा नयेत. नंबर प्लेट स्पष्ट दिसली पाहिजे हा नियमच आहे, आणि दिवे झाकले तर मागच्या ट्रकला तुमचा ब्रेक दिसत नाही. हँडल आणि पुढचं चाक बांधून टाका, नाहीतर ते वाऱ्यानं हलत राहतं. चाकं यात लावलेलीच राहतात, तेव्हा दोन्ही लीव्हर निघताना तपासा.

टपावरचं कॅरिअर सगळ्यात मजबूत वाटतं. त्यातला एक प्रकार पुढचं चाक काढून चिमटा थेट कॅरिअरवर आवळायचा. तिथंही हीच कडी, हाच काटकोन, हाच तळहाताचा ठसा. दुसऱ्या प्रकारात चाकासकट सायकल उभी राहते. दोन्हीत अडचण उंचीची. गाडी दीड मीटर, वर सायकल एक मीटरहून जास्त, म्हणजे अडीच मीटरच्या पुढे. मॉलच्या तळघराचा आडवा दांडा त्यापेक्षा खाली असतो. दिवसभर सायकल चालवून दमलेला माणूस थेट सोसायटीच्या बेसमेंटमध्ये शिरतो आणि धडाम्‌. स्टिअरिंगवर एक चिठ्ठी चिकटवा, 'वर सायकल आहे'. हसू नका, काम करते.

शिवाय वारा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. शहरात ५० वर घट्ट वाटणारा पट्टा महामार्गावर १०० ला चौपट ओढला जातो. बाटली, पंप, सीटखालची पिशवी, मोबाईलचा स्टँड, सगळं काढून आत ठेवा. आणि निघाल्यावर पहिल्या पाच-दहा किलोमीटरनंतर एकदा थांबून पट्टे ओढून बघा. साताऱ्याच्या दिशेनं जाणार असाल तर खेड शिवापूर टोलनाक्याच्या पुढे चहाला थांबताच ना, तेव्हा परत एकदा बघा.

नवीन, महागड्या सायकलींना हल्ली थ्रू एक्सल येतो. त्यात खाचेऐवजी बंद भोक असतं आणि जाड एक्सल आरपार जाऊन आट्यांवर आवळला जातो. चाक खाली निसटण्याचा प्रश्न जवळपास संपतो. नवी सायकल घेणार असाल, डिस्क हवा असेल आणि बजेट असेल तर माझं मत थ्रू एक्सलच्या बाजूनं. पण टपावर चिमटा आवळायच्या कॅरिअरला मग वेगळा जोड लागतो, आधी विचारून घ्या. आणि ज्यांच्या सायकलला साधे नट आहेत, पान्यानं आवळायचे, त्यांनी मन खट्टू करू नये. पाना गाडीत ठेवा, झालं.

आता वाईला पोचलात. सकाळचे साडेसहा वाजलेत, ग्रुपमधली मंडळी फोटो काढतायत, कुणीतरी "चला चला" म्हणतोय. गडबड नेमकी इथं होते. सायकल उतरवा, जमिनीवर उभी करा. डिस्क पॅडच्या फटीत अलगद सरकवत चाक खाचेत बसवा. हँडलवर दोन्ही हातांनी जरा वजन द्या, म्हणजे चिमटा एक्सलवर बसेल. काटकोनाला अडथळा, तळहाताचा ठसा, लीव्हर बंद. मग समोर उभं राहून बघा, टायर चिमट्याच्या बरोबर मधोमध आहे का. मग पुढची बाजू वीतभर उचला आणि टायरवर वरून मुठीनं दोन सणसणीत ठोसे मारा. चाक हललं, किंवा खट्‌ आवाज आला, तर लीव्हर उघडून पहिल्यापासून. नाही हललं तर चाक हातानं फिरवा, मग ब्रेक तीन-चार वेळा दाबा, दाब लगेच येतो का बघा. सायकल आडवी झोपवून आणल्यावर हायड्रॉलिक ब्रेक कधी कधी पहिल्या दाबाला मऊ लागतो, दोन-चार दाबांनी सुधारतो. नाही सुधारला तर त्या दिवशी चालवायची नाही. शेवटी पुढचा ब्रेक धरून सायकल पुढे-मागे हलवा. डोक्यापाशी किंवा हबपाशी टकटक नको.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन ठोशांत आहे. मेकॅनिक असायची गरज नाही. लीव्हर बंद दिसतोय यावर विश्वास ठेवू नका, ठोसा मारा. ग्रुप दोन मिनिटं थांबेल. नाही थांबला तर तो ग्रुप बदला.

पाचगणीला पोचल्यावर वर परत एकदा लीव्हरवर तळहात ठेवून बघायला सांगा, मग उतरू दे. आणि खाली उतरल्यावर लगेच चाक काढायला जाऊ नका! सतत ब्रेक लागून डिस्क इतकी तापलेली असते की बोट टेकलं तर फोड येतो. लीव्हर डाव्या बाजूला, डिस्कही डाव्या बाजूला, हात बरोबर तिथंच जातो. दहा मिनिटं थांबा, मिसळ खा. मिसळ खाताना सायकल मात्र नजरेसमोर ठेवा, कारण जे चाक तुम्ही दोन मिनिटांत काढता ते दुसऱ्यालाही दोन मिनिटांत काढता येतं. रोज बाहेर उभी राहणारी सायकल असेल तर लीव्हरऐवजी ॲलन कीनं आवळायची दांडी मिळते, ती बसवून घ्या.

घरी आल्यावर, महिन्या दोन महिन्यांतून, लीव्हरच्या कॅमपाशी तेलाचा एक थेंब टाका. कोरडा कॅम बंद करायला जड जातो आणि माणसाला वाटतं घट्ट बसलाय. तेल टाकताना डिस्कवर फडकं धरा.

निगडीहून एका दादांनी विचारलंय की ट्यूबलेस टायर घाटात बरे का. तो मोठा विषय आहे, पुढच्या भागात घेऊ. ताई, रविवारी वाईहून फोटो पाठवा, सायकलचा डाव्या बाजूनं काढलेला. लीव्हर कुठं वळलाय ते मला बघायचंय.

भेटू, मंडळी.